फ्लॉपनंतर री-रेज कधी मारायचा? सल्ला हवाय

चिंचवडकर७:
नमस्कार मंडळी, पोकरचा टेक्सास होल्डेम प्रकार (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी पाच) बरेच दिवस खेळतोय, ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचं ऑनलाइन बंद झालं त्यामुळे आता मधूनमधून पणजीला जाऊन टेबलवर बसतो. प्रीफ्लॉप (टेबलावरची पानं उघडण्याआधी) जमतं पण फ्लॉप (पहिली तीन उघडी पानं) पडला की हात आखडतो. मागचा डाव सांगतो. १००/२०० चं टेबल (म्हणजे आधीच भरायचे सक्तीचे पैसे, स्मॉल ब्लाइंड १०० आणि बिग ब्लाइंड २००), दोघांसमोर २०,०००. बटनवाल्याने (फ्लॉपनंतर जो शेवटी बोलतो) ५०० केले, स्मॉल ब्लाइंड आउट, मी बिग ब्लाइंडमधून बदामची अठ्ठी-सत्ती घेऊन कॉल, म्हणजे तेवढेच भरले. पॉट (मधले एकूण पैसे) ११००. फ्लॉप बदाम नव्वी, बदाम छक्की, इस्पिक दुर्री. मी चेक (काही न लावता थांबलो), त्याने ५०० लावले, मी १६०० केले, तो बराच वेळ चिप्सच्या दोन चळती एकमेकींत सरकवत बसला आणि मग ४५०० पुढे ढकलले, म्हणजे री-रेज. मी पानं टाकली. रात्रभर तेच डोक्यात. काय करायला हवं होतं?

मांडवीकाठ:
चेक-रेज (आधी चेक, मग त्याने लावल्यावर वाढवणं) एकदम बरोबर, पण पानं टाकायला नको होती. हिशोब बघा, पॉटात ११००, तुमचे १६००, त्याचे ४५०० म्हणजे ७२००, तुम्हाला भरायचे होते २९००, म्हणजे २९ टक्के जिंकलात तरी कॉल वसूल. तुमचा हात पूर्ण करणारे पत्ते किती? फ्लशसाठी (पाचही पानं एकाच रंगाची) नऊ बदाम, वर स्ट्रेटसाठी (सलग पाच पानं) बदाम सोडून तीन दश्श्या आणि तीन पंज्या, एकूण १५. नुसत्या टर्नवर (चौथं पान) ३२ टक्के, रिव्हरपर्यंत (पाचवं पान) ५४. त्याच्याकडे नव्व्यांचा सेट (हातातली जोडी आणि फ्लॉपवरचं तिसरं पान) असला तरी ४० च्या आसपास उरतात. मी तर तिथेच ऑल-इन (सगळे पैसे आत) गेलो असतो, राजा-राजावाला कधीतरी टाकतो आणि नाही टाकलं तरी आपण बरोबरीत. भीती एकच, बदामचा एक्का-राजा, कारण मग त्याचा फ्लश मोठा, तुमचे बदाम तुमच्या कामाचे नाहीत.

इस्पिकराणी:
मी थोडं वेगळं सांगते. लाइव्ह टेबलवर चेक-रेजवर परत रेज मारणारा माणूस क्वचितच ब्लफ करतो, तो टाकेल या आशेवर ऑल-इन नको, मी कॉल केला असता. आणि रेज मारायच्या आधी बोर्ड (टेबलावरची उघडी पानं) कोणाच्या फायद्याचा आहे ते बघा हो. राजा-सत्ती-दुर्री तीन रंगांत पडलं तर राजे बटनवाल्याकडे जास्त, तिथे हवेत रेज मारून काय मिळणार? सत्ती-छक्की-पंजी पडलं तर स्ट्रेट आणि दोन जोड्या बिग ब्लाइंडकडे जास्त असतात, तिथे मारा. तुमचे १६०० हे १६०० च पॉटसाठी (११०० आणि त्याचे ५००) होते, म्हणजे हातात काहीच नसतं तर निम्म्या वेळा समोरच्याने टाकायला हवं होतं, ड्रॉ (पुढच्या पानांवर पूर्ण होऊ शकणारा हात) असल्याने तेवढी गरज नाही. म्हणून ब्लफ करायचाच तर ड्रॉ घेऊन करा आणि सेट असतानाही साइझ तोच ठेवा. जो कुठल्याही जोडीवर शेवटपर्यंत कॉल करत बसतो त्याला मात्र ब्लफ करूच नका.

चिंचवडकर७:
दोघांचे मनापासून आभार. उलट बाजूला असलो तर? म्हणजे मी बटनवर एक्का-एक्का घेऊन आणि चेक-रेज समोरून आला.

इस्पिकराणी:
फ्लॉप राणी-अठ्ठी-तिर्री, तीन रंग, असं धरा. तुम्ही परत रेज केलात तर राणीवाला टाकेल आणि तिर्र्यांचा सेटवाला आनंदाने सगळं घालेल, म्हणजे हरणारे पळाले आणि जिंकणारा राहिला. पोझिशन तुमची आहे, म्हणजे शेवटी तुम्ही बोलता, कॉल करा आणि टर्न बघा. बोर्डवर दोन बदाम असते तर गोष्ट वेगळी, तिथे ड्रॉवाल्याकडून पैसे घ्यायला री-रेज मारा.

चिंचवडकर७:
पटलं. आता पत्ते मांडून बसलोय. समजा मी २९०० भरले असते आणि टर्नवर चौकट राणी पडली असती, तर?

मांडवीकाठ:
मग पॉट १०,१००, दोघांकडे १५,०००. त्याने ७००० लावले तर २९ टक्के लागतात, तुमच्याकडे जवळपास ३३, कॉल. त्याने सगळे १५,००० घातले तर ३७ लागतात, टाकावं लागतं. म्हणूनच मी फ्लॉपवर ऑल-इन म्हणतो, तिथे अजून दोन पत्ते यायचे असतात.