मदत हवी आहे : गर्दी वाढली की शेजारच्या फोनमधून फीत मिळण्याची शक्यता घटते का?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी एक प्रारूप तपासत आहे. क्रिकेटच्या मैदानातील हजारो प्रेक्षक एकाच झेलाची चित्रफीत मागतात, तेव्हा ती दर वेळी बेस स्टेशनवरून न आणता शेजारच्या फोनमधील कॅशेतून (तात्पुरत्या साठवणीतून) थेट मिळावी, अशी ही कल्पना आहे. वारंवारता भारतातील २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात आलेल्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील धरली आहे. अँटेनाची दिशिकता वगळली, तर तिथे मोकळ्या जागेतील क्षय २.६ गिगाहर्ट्झपेक्षा २० डेसिबलने जास्त असतो. म्हणून अरुंद बीम (एकाच दिशेला एकवटलेल्या लहरी) वापरावे लागतात आणि फोनांच्या वेगवेगळ्या जोड्यांमधील व्यत्यय आपोआप कमी होतो. त्यामुळे माझी मुख्य अडचण व्यत्ययाची नसून, लहरी अडवणाऱ्या माणसांच्या शरीरांची आहे.

फोनधारकांची मांडणी पॉइसाँ प्रक्रियेने (बिंदू यादृच्छिकपणे विखुरण्याच्या प्रारूपाने) केली आणि दोन फोनांमधील दृष्टिरेषा मोकळी असण्याची शक्यता अंतरानुसार घातांकी घटते असे मानले, तर मोकळ्या दृष्टिरेषेतील शेजाऱ्यांची सरासरी संख्या फोनधारकांच्या घनतेच्या सम प्रमाणात आणि त्या घटीच्या दराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. परंतु अडथळा आणणारे लोक म्हणजेच फोनधारक असल्यामुळे हा दरही घनतेबरोबर वाढतो, आणि शेवटी शेजाऱ्यांची संख्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात उरते. पल्ल्याला मर्यादा घातली, तर घनतेबरोबर ही संख्या आधी वाढते आणि मग घटते.

याचा परिणाम साठवणीवर होतो. मागणी झिपच्या नियमाने (मोजक्या फितींना बहुतेक मागणी) चालत असेल आणि शेजारी पुष्कळ असतील, तर फोनांनी वेगवेगळ्या फिती वाटून घेणे हितावह ठरते. शेजारी मोजके असतील, तर प्रत्येकाने सर्वाधिक मागणीच्याच फिती ठेवाव्यात. म्हणजे दाट गर्दीत पुन्हा दुसऱ्या धोरणाकडे वळावे लागेल. निष्कर्ष गणिताला धरून असला, तरी मला तो पूर्णपणे पटत नाही, कारण मैदानातील आसने पायऱ्यांची असतात आणि पुढच्या रांगेतील डोके मागच्याची दृष्टिरेषा नेहमीच अडवते असे नाही.

अशा उतरत्या मांडणीसाठी घटीचा दर उंचीनुसार कसा बदलावा? तसेच एकाच माणसामागे दोन शेजारी दडले, तर त्यांचे अडथळे स्वतंत्र मानता येत नाहीत; हा सहसंबंध धरूनही साठवणीची इष्टतम विभागणी सूत्ररूपात मिळू शकते, की सिम्युलेशनवरच भागवावे लागेल? शिवाय मोबाइल मानके ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज १६ मधील साइडलिंक (उपकरणांमधील थेट दुवा) मुख्यतः वाहनांसाठी बेतलेले असून त्यात बीम-व्यवस्थापन नाही, तेव्हा काही सेकंदांच्या फितीसाठी बीम जुळवण्यात जाणारा वेळ प्रारूपात कसा धरावा, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.