'आरेल' फक्त शरीरापुरता नाही

बायबलमधल्या हिब्रू 'आरेल'चा अर्थ नुसता 'सुंता न झालेला पुरुष', असं सांगितलं जातं. बरोबर आहे, पण अपुरं. दावीद शत्रूच्या धिप्पाड योद्ध्याला, गल्याथाला, हाच शब्द शिवीसारखा हाणतो, ते ठीक. पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात संदेष्टा मोशे स्वतःच्याच ओठांना आरेल म्हणतो, म्हणजे बोलणं नीट जमत नाही! यिर्मयाच्या पुस्तकात लोकांचे कान आरेल, ऐकूच येत नाही. लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात तर चक्क फळं: नव्या झाडाची पहिली 3 वर्षं फळं आरेल, खायची नाहीत, चौथ्या वर्षीची देवाची, पाचव्यापासून आपली. इस्राएलात धार्मिक ज्यू आजही हे पाळतात. मला तरी 'झाकलेलं, बंद' हा भाव पटतो. 'अशुद्ध' धरलं तर मोशेचे ओठ कुठे बसवणार?