मदत हवी आहे: इतक्या वर्षांनी माणूस दारू सोडायचं नेमकं कशामुळे ठरवतो?

नमस्कार. मी फोंड्याला असते, माहेर डिचोलीचं. प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा आहे. ज्यांनी स्वतः सोडली आहे त्यांच्याकडून ऐकायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादाचा ट्रक मायनिंगला होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. गावात म्हणतात, खाणी गेल्या म्हणून तो प्यायला लागला. मला ते पटत नाही. हातात पैसा खेळत होता तेव्हाही रोज संध्याकाळी बार होताच, फक्त त्याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं. उन्हाळ्यात हुर्राक (काजूची दारू), बाकी वर्षभर क्वार्टर. पुढे सकाळी हात थरथरायला लागले आणि ते थांबवायला पहिला पेग सकाळीच लागायला लागला.

सोडायला जी कारणं पुरेशी वाटावीत ती सगळी येऊन गेली. कावीळ झाली, डॉक्टरांनी लिव्हरबद्दल बजावलं. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली, परत आली. ट्रक विकला. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, प्रसाद लावला. दर वेळी थोडे दिवस बरे जायचे, मग शिगमो यायचा, नाहीतर कोणाचं तरी लग्न.

आणि आता काहीच घडलेलं नसताना, गेल्या आठवड्यात जेवता जेवता तो आपणहून म्हणाला, "मला हे आता नको झालंय. कुठे जायचं असतं ते बघ गो." भांडण नाही, आजारपण नाही, कोणी विषयही काढला नव्हता.

हे येतं कुठून? आम्हाला आजवर सगळ्यांनी हेच सांगितलं की पार तळाला गेल्याशिवाय माणूस शुद्धीवर येत नाही, वाट बघा. तळ तर केव्हाच येऊन गेला होता! कारण कळलं तर ते जपता येईल असं वाटतं. दुसरं, एक नातेवाईक चहातून द्यायची पावडर आणून देतो म्हणतात. वहिनी तयार आहे, मला भीती वाटते.

पेडणेकर_जुना:
ताई, आधी महत्त्वाचं. त्याला घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीर दारूवर चाललंय. अचानक तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवा. काय आणि कसं बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता तुमचा प्रश्न. मला आजाराच्या भीतीने सोडवली नाही. भीती वाटली की आम्ही पितो, ती घालवायलाच तर पितो. मी थकलो होतो. बाटली कुठे लपवली, उसने कोणाकडून घेतले, बायकोला कोणती थाप मारली, हे सगळं लक्षात ठेवायचं म्हणजे दिवसभराची नोकरी. आणि मोबदला काय, तर हात स्थिर. मजा कधीच संपलेली. एक दिवस हिशेब जुळेना, एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा मंगळवार होता.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट. त्याच्या मीटिंगला यायला एकच अट असते, दारू सोडायची इच्छा. कारण काय, मोठं की लहान, कोणी विचारत नाही.

सत्तरीची_लेक:
मी याच क्षेत्रात काम करते. तळ गाठायची वाट पाहणं धोक्याचं आहे, काहींचा तळ म्हणजे मरणच असतं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून दाखवलं की माणूस टप्प्याटप्प्याने बदलतो. सोडावी आणि सोडू नये अशी दोन मनं वर्षानुवर्षं भांडत असतात, आणि घसरून पुन्हा उभं राहणंही त्याच प्रवासात येतं. त्यामुळे कावीळ, वहिनींचं जाणं, मधले बरे दिवस, यातलं काहीच फुकट गेलं असं मी म्हणणार नाही.

आपल्या गोव्यातच संगात संस्थेने आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूने त्रासलेल्या पुरुषांवर काम केलं, ते २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. उपदेश करण्याऐवजी ते त्या माणसाकडून त्याचीच कारणं काढून घ्यायचे. थोड्याच बैठकांत फरक दिसला.

पावडर अजिबात नको. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध असेल आणि वरून तो दारू प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. शिवाय त्याने विश्वासाने तुम्हाला विचारलंय. चहात काही मिसळल्याचं कळलं तर पुन्हा विचारेल का? सल्ला लागला तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो.

फोंड्याची (धागाकर्ती):
दोघांचे मनापासून आभार. वहिनीशी बोलले, पावडर नको म्हणून सांगितलं तिने. सोमवारी बांबोळीला नेते. एकच राहिलं. त्याला "का" ते विचारू का?

पेडणेकर_जुना:
विचारा, पण झडती घेतल्यासारखं नको. आणि उत्तर क्षुल्लक वाटलं तरी उडवून लावू नका. कदाचित म्हणेल, चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना हात थरथरले ते पोरांनी पाहिलं. ते त्याचं आहे, त्याला धरू द्या. "आम्ही एवढं रडलो तेव्हा नाही का कळलं?" हे मात्र तुमच्यापैकी कोणाच्याच तोंडून येऊ नये. फार अवघड आहे, माझ्या बायकोला विचारा! वहिनींनाही एकटं ठेवू नका, घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा वेगळ्या असतात.

सोमवारी काविळीच्या वेळचे रिपोर्ट सोबत घ्या, आणि रोज किती पितो ते त्याला स्वतःला सांगू द्या.