'परग्रहवासी' म्हणावं की 'नवागत'? 'एलियन नेशन'च्या निमित्ताने

मूळ प्रश्न

आईला 'एलियन नेशन' ही जुनी अमेरिकन मालिका दाखवते आहे. इंग्रजी उच्चार तिच्या कानाला पटकन लागत नाहीत, म्हणून एकेका भागाचे संवाद मराठीत उतरवून, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद तिच्या हातात देते. पहिल्याच पानावर अडले.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: गुलामांनी भरलेलं एक यान मोहावीच्या वाळवंटात उतरतं. त्यात टेंक्टन ग्रहावरचे अडीच लाख लोक, म्हणजे टेंक्टनी, असतात. डोक्यावर केस नाहीत, टाळूभर ठिपके, बाकी माणसासारखेच. सुरुवातीला त्यांना वेगळं ठेवतात, मग सोडून देतात. ते लॉस एंजेलिसमध्ये घरं करतात, नोकऱ्या धरतात, मुलांना शाळेत घालतात. मॅट साइक्स हा पोलीस आणि त्याचा टेंक्टनी जोडीदार जॉर्ज फ्रान्सिस्को यांच्याभोवती सगळं फिरतं. १९८८ साली आधी चित्रपट आला. मग १९८९-९० मध्ये केनेथ जॉन्सन यांनी घडवलेली २२ भागांची मालिका फॉक्स वाहिनीवर आली आणि ऐन उत्कंठेवर बंद पडली. पुढे १९९४ ते १९९७ या काळात त्याच कलाकारांना घेऊन पाच दूरचित्रपट निघाले.

मालिकेत या लोकांना 'न्यूकमर' म्हणतात. मी सवयीने 'परग्रहवासी' लिहिलं. दुसऱ्या प्रसंगात जॉर्ज आपल्या घराचं दार उघडून आत जातो, बायकामुलं समोर येतात, आणि आईने कागदावरून मान वर केली. "हा इथंच राहतो ना? मग परग्रहवासी कसा?"

तिचं बरोबर आहे. 'वासी' म्हणजे राहणारा. नगरवासी नगरात राहतो, आश्रमवासी आश्रमात. जो ग्रह सोडून आला, जो आता लॉस एंजेलिसला वीजबिल भरतो, तो परग्रहवासी उरतच नाही. गाव सुटलं तरी बरोबर येतो तो आपला 'कर'. चार पिढ्या पुण्यात काढूनही माणूस खेडकर असतो. त्या न्यायाने जॉर्जला 'टेंक्टनकर' म्हणता येईल. पण अख्ख्या समूहाला काय म्हणावं? आणि जॉर्जची धाकटी मुलगी वेस्ना तर पृथ्वीवरच जन्मली. तिला कोणता शब्द?

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

'एलियन' हा शब्द इथे अवकाशकथांपेक्षा पुष्कळ जुना आहे. मूळ लॅटिन अर्थ 'दुसऱ्याचा'. अमेरिकेत १७९८ च्या कायद्यांच्या नावातच तो आहे. १९५२ च्या स्थलांतर कायद्यातली व्याख्या सांगते की जो अमेरिकेचा नागरिक किंवा राष्ट्रीय नाही, ती कोणतीही व्यक्ती एलियन. माझ्या ग्रीन कार्डावर एक क्रमांक आहे, त्याला 'एलियन नंबर' म्हणतात. पहिल्यांदा फॉर्म भरताना त्या शब्दावर पेन थांबलं होतं. कॅलिफोर्नियाने २०१५ साली आपल्या कामगार कायद्यातून हा शब्द काढला, आणि तुमची मालिका घडते ती कॅलिफोर्नियातच. शीर्षकात परकं राष्ट्र आहे आणि दोन्ही शब्द सलग उच्चारले की 'एलिएनेशन', म्हणजे 'दुरावा', हा अर्थही ऐकू येतो. मराठीत हे दोन्ही एका शब्दात बसवायचा प्रयत्न करू नका.

प्रतिसाद

'उपरा' का नको? नेमका, लहान आणि लगेच समजणारा.

मूळ प्रश्नकर्ती

उपरा मी बराच वेळ घोळवला. पण तो वस्तीतल्या लोकांनी वस्तीबाहेरच्याला दिलेला शब्द आहे. लक्ष्मण माने यांनी १९८० साली तो आपल्या आत्मकथनाच्या नावावर घेतला तेव्हा त्यात सोसलेलं सगळं आलं. स्वतःविषयी स्वतः म्हटलं तर त्याला वजन येतं. सरकारी निवेदनात, शेजारणीच्या तोंडी, बातम्यांत मात्र 'उपरे आज शहरात आले' असं लिहिलं तर लिहिणाऱ्याने बाजू घेतली असं होतं. 'न्यूकमर' हा वरवर तरी सभ्य शब्द आहे. अपमानाचा शब्द मालिकेत वेगळा आहे, त्याच्याकडे येते.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

आमच्याकडं अनोळखी माणसाला 'पाव्हणं' म्हणूनच हाक मारतात. "काय पाव्हणं, कुठलं गाव?" ह्यात परकेपणा पण आला आणि मान पण आला.

मूळ प्रश्नकर्ती

हाक म्हणून फार गोड आहे, आणि साइक्सच्या तोंडी एका ठिकाणी मी तो वापरणार आहे. पण पाहुणा कधीतरी जायचा असतो. यांचं यान परत उडणार नाही, हे मालिकेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळा ताण त्यातूनच येतो.

प्रतिसाद, जिल्हा परिषद शाळेतून

दरवर्षी जूनमध्ये आम्ही फाटकावर फलक लावतो, 'नवागतांचे स्वागत'. पहिलीच्या पोरांच्या हातात गुलाबाचं फूल, फुगे, नवी पुस्तकं. कुणी रडतं, कुणी आईचा पदर सोडत नाही. 'नवागत' हा शब्द आमच्यासाठी रोजचा आहे. त्यात मूळ गाव विचारलेलं नाही, फक्त 'नुकता आला' एवढंच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

बाई, तुम्ही शब्द दिलात आणि एक प्रसंगही उजळवलात. सुरुवातीच्याच भागात जॉर्जची मुलगी एमिली माणसांच्या शाळेत पहिल्यांदा जाते. बाहेर जमाव जमलेला असतो, फलक असतात, घोषणा असतात. टेंक्टनी पोर आपल्या मुलांच्या बाकावर नको म्हणून मोठी माणसं ओरडत असतात. आता माझ्या कागदावर तिथे 'नवागत' असेल. तुमच्या फाटकावरचा फलक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या जमावाचं ओरडणं दुप्पट लागेल. 'आगंतुक' यासाठीच बाद केला. अर्थ जवळपास तोच, पण न बोलावता आलेला अशी त्याला कड आहे. आयुर्वेदात तर बाहेरून आलेल्या व्याधीलाच आगंतुक म्हणतात. 'नवखा' म्हटलं की काम न येणारा वाटतो, आणि हे लोक कामाला वाघ आहेत.

आता शिवी. माणसं यांना 'स्लॅग' म्हणतात. धातू वितळवताना वर तरंगणारा, काढून टाकायचा मळ. पुस्तकी शब्द 'धातुमळी' आहे, पण शिवी म्हणून तो ओठांवर येत नाही. गल्लीतल्या पोरांनी यांना नक्कीच 'ठिपक्या' म्हटलं असतं. टकल्या, बुटक्या, जाड्या, आपल्याकडे देहावरून नाव पाडायची ही रीतच आहे. पण 'स्लॅग'मध्ये रूप नाही, किंमत आहे. उपयोगाचं काढून घेतल्यावर उरलेलं, असं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या राबवण्यासाठीच वाढवलं, त्यांना हा शब्द लागतो तो तिथे.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

आमच्या भागात नुसतं 'मळी' म्हणू नका, लोकांना साखर कारखाना आठवतो. 'चिपाड' बघा. गुऱ्हाळात रस काढून झाला की उरतं ते. वाळवून काहिलीखाली जाळतात. "ए चिपाडा!" अशी हाक पण मारता येते.

मूळ प्रश्नकर्ती

चिपाडच. याहून नेमका शब्द मला वर्षभर सुचला नसता. रस काढून घेतलेला देह, आणि वर तोच जाळून दुसऱ्याचा गूळ शिजवायचा.

पुढची अडचण दुधाची. टेंक्टनी लोकांना दारू चढत नाही, त्यांना आंबट दूध चढतं. मी 'नासलेलं दूध' लिहिलं होतं. आईने तिथे पेन्सिलीने रेघ मारली. तिचं म्हणणं असं, की नासलेलं दूध ओतून द्यायचं असतं, फाटलेल्याचं काहीतरी करता येतं, विरजलेलं आपण ठरवून केलेलं असतं आणि आंबलेल्याला वास येतो तरी त्यात एक ओढ असते. तिच्या माहेरी आंबील व्हायची, त्यामुळे 'आंबणं' हा तिच्या लेखी बिघाड नाही. मग ठरवलं की जॉर्ज पेला उचलताना 'आंबलेलं दूध' म्हणेल आणि साइक्स नाक मुरडताना 'नासलेलं'. पेला एकच, पण बोलणारा कुठे उभा आहे ते कळेल.

प्रतिसाद

दुधावरून आठवलं. संजाणला पारशी उतरले तेव्हाची दुधातल्या साखरेची कथा आहेच. 'मिसळून जाणे'ला 'दुधात साखर' वापरता येईल.

मूळ प्रश्नकर्ती

कथा सुंदर आहे, पण त्यात आलेला माणूस कबूल करतो की मी दिसणार नाही, फक्त गोडी वाढवीन. जॉर्जच्या घरात तसं नाही. ते मांस कच्चंच खातात, घरात आपली भाषा बोलतात, 'लिटल टेंक्टन' भागात दुकानांवर त्यांची लिपी झळकते. मुलगा बकला तर हे मिसळणंच खुपतं. म्हणून मी क्रियापदं वाटून घेतली. शहर 'सामावून घेतं' असं फक्त नेत्यांच्या भाषणात. जॉर्ज 'रुळतो'. त्याची बायको सुझन 'रुळते'. एमिली 'रमते'. बक यातलं काहीच करत नाही.

शेवटचा पेच व्याकरणाचा, आणि इथे मराठीने मला आश्चर्यचकित केलं. टेंक्टनींमध्ये गर्भ काही काळ आई वाढवते आणि मग तो बापाच्या पोटात जातो. जॉर्जला तसं मूल होतं, तीच वेस्ना. गरोदर, पोटुशी, गर्भवती, सगळे शब्द बाईचेच. 'गर्भवान' करून पाहिलं, वाचताना ठेच लागली. मग आई म्हणाली, "त्याला दिवस गेलेत असं लिही की." तिला दिवस गेलेत, त्याला दिवस गेलेत. वाक्यात काहीच हलवावं लागलं नाही. सातव्या महिन्याच्या कौतुकाने ती पुढे म्हणाली, "आता तो दोन जिवांचा आहे, त्या साइक्सला म्हणावं गाडी हळू चालव."

हे दुसरं वाक्य मालिकेत नाही. तरी कागदाच्या कडेला लिहून ठेवलं आहे.