'वस्तू फुटून आली, पैसे परत द्या' असा मेसेज आला की तुम्ही काय करता? अनुभव सांगा

मी सिरॅमिकचे मग आणि बाउल स्वतः बनवून ऑनलाइन विकते. परवा एका बायरचा मेसेज आला, 'मग फुटलाय, रिफंड हवाय', सोबत एकच धूसर फोटो. खरं सांगते, पहिला विचार हाच आला की हिनेच पाडला असणार. तसं उत्तर टाइपही करून झालं होतं पण पाठवलं नाही, म्हटलं आधी नीट बघू. तिला चार फोटो मागितले, बंद खोक्याचा बाहेरून, लेबलचा, आतल्या पॅकिंगचा आणि फुटलेल्या जागेचा. तिने दहा मिनिटांत पाठवले. खोक्याचा एक कोपरा आत दबलेला होता आणि मगाचा कान बरोबर त्याच बाजूला तुटला होता. मी मगाला बाहेरून तीन वेढे बबल रॅप गुंडाळला होता पण कानाच्या आतली जागा तशीच पोकळ ठेवली होती, दाब आला तर तो कान कशाच्या जोरावर टिकणार? चूक माझीच होती. त्याच दिवशी पैसे परत केले, फुटका मग परत मागवला नाही. आता कानातून कागदाची वळी आरपार घालते आणि त्यानंतरच गुंडाळते.

पण ते न पाठवलेलं उत्तर अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. तुमचे अनुभव लिहा, चुकलेले पण लिहा.

———

चांगला धागा. मी जुन्या एलपी रेकॉर्ड विकतो. माझ्याकडे तक्रार तबकडीची क्वचितच येते, कव्हरची जास्त. 'कव्हर वरून उसवलंय' असे लागोपाठ तीन मेसेज आले तेव्हा मला वाटलं लोकांनी ठरवून चालवलंय की काय, पण तिन्ही फोटोंत फाटलेली जागा एकच, वरची शिवण. तबकडी कव्हरच्या आत असते, पार्सल आपटलं की ती सरकते आणि तिची कड आतून शिवण कापते. तेव्हापासून तबकडी कव्हरमधून बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा लावतो, ती तक्रार जवळपास बंदच झाली. त्या तिघांना मी विचारलं होतं की परत पाठवायचंय की ठेवून घेऊन थोडे पैसे परत हवेत? दोघांनी ठेवून घेतलं. रेकॉर्ड वाजत असेल तर लोकांना ती हवी असते हो, त्यांना फक्त आपण ऐकून घेतलेलं हवं असतं.

———

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. मी सेकंडहँड कॅमेरा लेन्स विकतो. एकाने 'आत काच तडकलीय' म्हणून रिटर्न टाकला, मी मान्य केला, परत आली ती लेन्स मॉडेलने तीच पण सिरीयल नंबर वेगळा! म्हणजे त्याची स्वतःची खराब लेन्स मला आणि माझी चांगली त्याच्याकडे. मी पॅक करताना सिरीयल नंबर आणि पार्सलचं लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो काढून ठेवतो, आणि आलेलं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घेतो, मध्ये कट नाही. साइटच्या सपोर्टला दोन्ही पाठवलं, निकाल माझ्या बाजूने लागला. राग खूप आला होता पण त्याला एकही शब्द वेडावाकडा लिहिला नाही, सपोर्टवाले सगळी चॅट वाचतात. आणि हो, तो एक सोडला तर आजवर तुटल्याची तक्रार केलेली बाकी सगळी माणसं खरंच बोलत होती.

———

माझी चूक लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. टेबललॅम्प फुटला, बायर बिचाऱ्या चांगल्या होत्या, मी पटकन म्हटलं 'ताई, खोका टाकून द्या, मी पैसे पाठवते'. नंतर कुरिअरकडे नुकसानीचा क्लेम टाकला तर ते म्हणाले पॅकिंग बघायला हवं, खोका कुठाय? खोका केव्हाच कचऱ्यात. क्लेम नामंजूर. आता प्रकरण मिटेपर्यंत खोका आणि आतलं सगळं भरण ठेवायला सांगते. पण एक गोष्ट कधीच करत नाही, 'कुरिअरचे पैसे आले की तुमचे देते' असं म्हणत नाही. कुरिअर मी निवडलं, त्याच्याशी भांडायचं ते मी, त्यात बायरला का ताटकळत ठेवायचं?

———

रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करा!! मी बायरच्या सांगण्यावरून थेट बँक खात्यात पैसे टाकले आणि महिन्याने त्याच ऑर्डरवर कार्डाचा चार्जबॅक आला, म्हणजे बायरने आपल्या बँकेकडे तक्रार करून कार्डाने भरलेले पैसे परत मागितले. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी साधारण १२० दिवसांपर्यंत चार्जबॅक टाकता येतो हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. पैसे दोनदा गेले, वर चार्जबॅकची फी वेगळी. बँक ट्रान्सफरची पावती दाखवूनही ते पटवून द्यायला फार वेळ गेला.

———

मी आरसे विकते. काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारते, म्हणजे फुटला तरी तुकडे जागच्या जागी राहतात, वर पुठ्ठा, मग एका खोक्यात दुसरा खोका आणि दोन्हींच्या मधे चारी बाजूंनी भरण. एवढं करूनही एक फुटलाच. त्या बाईंचा मेसेज खूप तिखट होता, मीही कोरडेपणाने 'कृपया अजून फोटो पाठवा' असं लिहिलं. रात्री त्यांचा पहिला फोटो मोठा करून बघितला तर खोक्याची कड धरलेल्या बोटाला पट्टी बांधलेली. एवढा फोटो तपासला, फ्रेम बघितली, कोपरे बघितले, आणि बोट दिसलं नाही मला. लगेच फोन लावला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, आधीच विचारलं असतंत तर एवढं लिहिलंच नसतं मी.

———

आरसेवाल्या ताई, तुमचं वाचून आत्ताच माझा ठरलेला मेसेज बदलला. आधी ऑर्डर नंबर मागायचे. आता पहिलं वाक्य, 'कुठे लागलं नाही ना?', फोटोंचं त्याच्यानंतर. अजून कोणाचे अनुभव असतील तर लिहा, लाकडी वस्तूवाले कोणी आहे का इथे?