परदेशातील आपत्तीसाठी जाणाऱ्या सरकारी मदतीत स्थानिक ट्रस्टला हातभार लावता येतो का? (नाशिक) – मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकमधील एका नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टच्या विश्वस्त मंडळावर मी काम करतो. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील शाळांना साहित्य पुरवणे आणि गोदावरीला पूर आला की काठच्या वस्त्यांमध्ये कोरडा शिधा पोहोचवणे हे आमचे नेहमीचे काम. आता मात्र जिल्ह्याबाहेरचा, किंबहुना देशाबाहेरचा प्रश्न समोर आला असून त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दितवाह चक्रीवादळाने श्रीलंकेत हाहाकार उडवला आणि भारत सरकारने ‘ऑपरेशन सागर बंधू’ सुरू केले, तेव्हा आमच्याकडे लोक आपणहून मदत घेऊन आले. निफाडच्या बागायतदारांनी बेदाणे दिले, महिला बचत गटांनी गोधड्या आणि चादरी दिल्या. बेदाण्याच्या प्रत्येक खोक्यावर निळ्या शाईने गावाचे नाव आणि भरल्याची तारीख लिहिलेली होती. पण अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक किंवा तपासणीचा दाखला एकाही खोक्यावर नव्हता. आम्ही एका सरकारी कार्यालयात चौकशी केली, तिथून दुसरीकडे पाठवले गेले आणि शेवटी ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. देणाऱ्यांची संमती घेऊन ते सामान इथल्याच आश्रमशाळांना दिले. ते वाया गेले नाही, पण ज्यांच्यासाठी जमवले त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, याची खंत आहे.

या निमित्ताने माझे जे वाचन झाले ते थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावानुसार मानवतावादी मदत ही तत्त्वतः बाधित देशाच्या संमतीने आणि त्याने केलेल्या आवाहनावरून द्यायची असते. म्हणजे काय पाठवायचे हे देणाऱ्याच्या घरात काय शिल्लक आहे यावर नव्हे, तर घेणाऱ्याची गरज काय आहे यावर ठरते, आणि मला हे पूर्णपणे पटते. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय समन्वय साधते, विमाने आणि जहाजे संरक्षण दलांची असतात आणि शोध व बचावासाठी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा या दलाची पथके श्वानांसह तिकडे गेली आणि लष्कराने इस्केन्दरून येथे रुग्णालय उभारले. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी हवाई दलाचे विमान सुमारे १५ टन साहित्य घेऊन यांगूनला उतरले. त्यात तंबू, झोपण्याच्या पिशव्या, ब्लँकेट, तयार जेवण, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे, सौर दिवे, जनित्रे आणि औषधे होती. ही यादी वाचली की कळते की इतक्या घाईच्या वेळी निवडावी लागेल अशी वस्तू उपयोगाची नसते. एकसारखी आणि नीट बांधलेली, उघडताच वापरता येईल अशीच वस्तू उपयोगी पडते. मागणी नसताना धाडलेले जुने कपडे धावपट्टीवर आणि गोदामात जागा अडवतात आणि औषधे मागे राहतात. त्यामुळे ‘जमवलेले सामान विमानात चढवा’ असा आमचा आग्रह मुळीच नाही.

माझा खरा प्रश्न तामिळनाडूच्या उदाहरणावरून पडला आहे. २०२२ मध्ये श्रीलंका आर्थिक संकटात सापडली असताना तामिळनाडू विधानसभेने मदत पाठवण्यासाठी केंद्राची परवानगी मागणारा ठराव केला, केंद्राने ती दिली, मुख्यमंत्र्यांनी जनतेलाही देणग्यांचे आवाहन केले आणि मे महिन्यात तांदूळ, दूध भुकटी आणि औषधे घेऊन पहिले जहाज चेन्नईहून निघाले. सामान्य माणसाने दिलेली मदत सरकारी मार्गाने परदेशात पोहोचू शकते, हे यावरून दिसते. महाराष्ट्रातून असे करायचे झाल्यास प्रस्ताव कोणत्या विभागाकडे द्यावा? आपत्ती येण्याआधीच ट्रस्टची नोंद करून ठेवण्याची काही सोय आहे का? मंत्रालयात किंवा मदत व पुनर्वसन विभागात काम केलेल्या कुणी प्रत्यक्ष पद्धत सांगितल्यास फार उपकार होतील.

दुसरा प्रश्न पैशांचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तूंपेक्षा पैसा लवकर पोहोचतो आणि बाधित देशातच खरेदी झाल्याने तिथल्या दुकानदारालाही आधार मिळतो. आमच्या हिशेबनीसांनी दोन अडचणी दाखवल्या. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ११ नुसार ट्रस्टचे उत्पन्न भारताबाहेर खर्च झाले तर त्यावर सहसा करसवलत मिळत नाही; भारताला स्वारस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश असेल तरच ती मिळते. शिवाय वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी रक्कम पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना निवासी व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. मंडळाचा असा आदेश कोणत्या छोट्या ट्रस्टला मिळाल्याचे कुणाला ठाऊक आहे का, त्याला किती काळ लागला आणि नव्या प्राप्तिकर कायद्यात ही तरतूद कशी आली आहे? आमच्या न्यासपत्रातील उद्देशांत ‘महाराष्ट्र राज्य’ असा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून आधी धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावा लागेल असे मला वाटते. वकील मंडळींनी याबद्दलही सांगावे.

‘आपल्याच जिल्ह्यात गरज असताना परदेशाची काळजी कशाला?’ असे आमच्यातल्याच काहींनी विचारले. याच भागातील वडीलधाऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले आहेत, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्ज लागले होते. त्यामुळे जे आपण घेतले ते देण्याची वेळ आली असताना मागे सरणे मला योग्य वाटत नाही. स्थानिक कामाच्या निधीला मात्र हात लावायचा नाही, हे आमच्या विश्वस्त मंडळाने आधीच ठरवले आहे.

विश्वस्तांच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. परवानग्यांचा क्रम आणि लागणारी कागदपत्रे कुणी सांगितली, तर त्यांचा मसुदा तयार करण्याचे काम मी स्वतः करीन आणि तो इतर ट्रस्टनाही वापरता यावा म्हणून इथेच देईन.