बर्लिननंतर इरावतीबाईंनी कॅलिपर खाली ठेवायला हवा होता

मृगनक्षत्र:
मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे माझ्या फार जवळच्या लेखिका. म्हणूनच हे लिहिते आहे.

१९२८ साली त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत गेल्या. तिथे मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र संततीच्या लोकांचा अभ्यास करून वंशशुद्धीची बाजू लावून धरली होती. पुढे १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बाईंना विषय दिला गेला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. गोऱ्यांच्या कवटीत हा फरक जास्त, म्हणून त्यांची बुद्धीही वरचढ, असं निघावं ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी कॅलिपरने, म्हणजे मापं घ्यायच्या धातूच्या चिमट्याने, १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष दिला की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. पंचविशीही न गाठलेली, परक्या भाषेत प्रबंध लिहिणारी मुलगी ज्यांच्या हाती पदवी आहे त्यांनाच नाही म्हणते. हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

मग परत आल्यावर पुन्हा तेच का? १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत माणसं मोजत राहिल्या. डोकी, नाकं, उंची, रक्तगट, सगळं जातवार. अमेरिकेत मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९१०च्या सुमारासच दाखवलं होतं की स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकार एका पिढीतही बदलतो. म्हणजे हा आकार वंशाची पक्की खूण म्हणून धरताच येत नाही. माझ्या मते त्या मोजमापात बाईंची उत्तम वर्षं वाया गेली.

सह्यकडा:
साफ असहमत. त्या का मोजत होत्या ते आधी बघा. त्यांचे मुंबईचे गुरू, समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचं म्हणणं होतं की मूळ जात एक असते आणि ती फुटून पोटजाती होतात. बाईंनी हे उलटं करून मांडलं. गट आधीपासूनच वेगळे होते, एकच धंदा करतात म्हणून त्यांना एक नाव मिळालं. त्यांनी कुंभारांचं उदाहरण दिलंय. थोरचाके आणि लहानचाके, दोघांचं चाक वेगळं, घडवायची रीत वेगळी आणि आपसात सोयरीक नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दोघंही कुंभारच. तसंच ब्राह्मणांचं. १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना छापली. 'आम्ही सगळे एका रक्ताचे आर्य' ही समजूत त्यांना आकड्यांवर तपासायची होती. आणि या समजुतीचा सगळ्यात जास्त अभिमान कुणाला होता? बाईंच्याच जातभाईंना. नुसता निबंध लिहिला असता तर त्यांनी तो हसण्यावारी नेला असता.

रानजाई:
मी मानवशास्त्र शिकताना कॅलिपर हातात धरलाय. त्याचं एक टोक दोन भुवयांमधल्या उंचवट्यावर ठेवायचं आणि दुसरं मागे सरकवत सर्वांत लांबचा बिंदू शोधायचा. ही डोक्याची लांबी. मग कानांच्या वर रुंदी घ्यायची आणि रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा समोर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. धातू कपाळाला लागताच त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मी आकडा लिहून घेईपर्यंत तशाच बसून राहिल्या. त्या डोळे मिटण्याचं काय करायचं हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. हेतू कितीही चांगला असो, मोजणारा आणि मोजून घेणारा यांच्यात जे होतं ते होतंच.

पायवाट:
मुद्दा कॅलिपरचा नाहीच. बाईंच्या मांडणीत जात म्हणजे विस्तारलेलं नातेवाईकांचं जाळं, अशी जाळी शेजारी शेजारी नांदतात. मग वर कोण, खाली कोण, पाणवठ्यावर कुणाला मज्जाव, हे कुठे गेलं? बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग असं सांगितलं आणि तो बंद करताना विधवांवर, मुलींवर काय लादलं गेलं ते दाखवलं. तिथे कुणाचं तरी दार बंद होतं. बाईंकडे नुसते वेगळेपणाचे नमुने आहेत. घर सुधारकांचं, सासरे धोंडो केशव कर्वे, लहानपण रँग्लर परांजप्यांकडे. एवढ्या उजेडातही हे नजरेतून सुटलं, याचं मला वाईट वाटतं.

सह्यकडा:
बाबासाहेबांचं नाव काढलंत तर १९४८चं त्यांचं 'द अनटचेबल्स' हे पुस्तकही बघा. त्यात त्यांनी घुर्यांची नाकांची मापं घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे आहेत हे म्हणणं टिकत नाही. ब्रिटिश अधिकारी रिस्लेने जनगणनेत नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती, तेच माप बाबासाहेबांनी त्याच्यावर उलटवलं. हत्यार कुणाच्या हातात आहे यावर बरंच ठरतं.

मृगनक्षत्र:
हे मान्य, आणि बोआसचा आधार घेताना मी याचा विचारच केला नव्हता. पण बाबासाहेबांनी ती मापं एका खोट्या सिद्धान्ताला मोडायला वापरली आणि मोडून पुढे गेले. बाई तीस वर्षं तिथेच राहिल्या.

पायवाट, तुमचं मात्र पूर्ण पटत नाही. वारीवरचा त्यांचा लेख वाचलाय का? एकाच दिंडीत दिवसभर एकत्र चालायचं, एकच अभंग म्हणायचा आणि मुक्कामाला पोचलं की ब्राह्मणांच्या पंगती वेगळ्या, मराठ्यांच्या वेगळ्या. हे त्यांना रोज टोचत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पायवाट:
वाचलाय, आणि म्हणूनच तक्रार आहे. जे ललित लेखात दिसलं ते शास्त्राच्या पुस्तकात का नाही?

रानजाई:
माझ्यासाठी त्यांचं मोठं काम १९५३चं नातेव्यवस्थेवरचं. भारताचे चार विभाग पाडून, भाषेभाषेतले नात्यांचे शब्द गोळा करून केलेलं. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीणच. दक्षिणेत मामेबहीणच काय, सख्खी भाचीही बायको होऊ शकते. आपण मधले. मामेबहीण चालते, पण आतेबहिणीला नाक मुरडतो. हे वाचेपर्यंत माझ्या घरातल्या लग्नांकडे मी असं बघितलंच नव्हतं.

पण मृगनक्षत्र, ज्या दौऱ्यांत डोकी मोजली त्याच दौऱ्यांत हे शब्द आणि ओव्याही जमल्या. कॅलिपर घरी ठेवला असता तर बाई तिथवर गेल्या असत्या का? मला शंका आहे.

मृगनक्षत्र:
गेल्या असत्या. १९६९चा कोयनेच्या धरणग्रस्तांचा अहवाल बघा, मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केलेला. धरणाने उठवलेली माणसं कुठे गेली, कशी राहिली, हा तिथला प्रश्न होता. त्यासाठी कुणाच्या कपाळाला धातू लावावा लागला नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, बाई वारल्या. वय चौसष्ट. अशी पाहणी त्यांच्याकडून अजून दोन-तीन खोऱ्यांत व्हायला हवी होती.